त्र्यंबकचे फाळके घराणे : चित्रे, छायाचित्रे आणि चित्रफिती यांच्या आधारे

त्र्यंबकेश्वरी गोदेच्या उगमाशी आलेल्या यात्रेकरूने गावाचे व कुळाचे नाव सांगावे, आणि उपाध्यायांनी नामावळी उघडून त्याच्या पणज्याच्या हातची नोंद त्याच्यापुढे धरावी, ही गोष्ट नाशिक जिल्ह्यातील माणसाला नवी नाही. कोणत्या साली कोण आले, बरोबर कोण होते, मागे घरी मुलेबाळे किती, हे सारे त्या वह्यांत उतरलेले असते. ज्या गावाने परमुलखातील कुळांचे वृत्तांत असे पिढ्यान् पिढ्या जतन केले, त्याच गावच्या एका शास्त्री घराण्याचा वृत्तांत मात्र वहीत थोडा आणि चित्रांत फार अशा रीतीने शिल्लक राहिला आहे. ते घराणे म्हणजे फाळक्यांचे. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो ते धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके याच घरात ३० एप्रिल १८७० रोजी जन्मले.

दादासाहेबांचे नाव शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ सालापासून दिला जातो, १९७१ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभे आहे. परंतु ‘जनक’ म्हटले की एकच माणूस डोळ्यांपुढे येतो. कागदपत्रे, जुनी छायाचित्रे आणि उरलेल्या चित्रफिती जवळून पाहिल्या, तर असे दिसते की जे काही घडले ते एका माणसाने नव्हे, एका घराने घडविले. त्या घरात वडील भाऊ होता, पत्नी होती, मुलगा होता आणि सहा-सात वर्षांची एक मुलगीही होती.

धुंडिराजांचे वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान, मातोश्रींचे नाव द्वारकाबाई. घरची वृत्ती पौरोहित्याची. संध्या, पूजा, स्तोत्रे आणि थोडेफार वैद्यक हे मुलाने वडिलांपाशी शिकावे, अशीच त्या घरची रीत होती. दाजीशास्त्री मुंबईस विल्सन कॉलेजात संस्कृतचे अध्यापक झाले आणि बिऱ्हाड त्र्यंबकहून मुंबईस हलले. पंचांग ज्याच्या हाती यायचे त्याच्या हाती रंगाची कुंचली आली ती येथे. १८८५ साली धुंडिराज सर जमशेदजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. शास्त्र्याच्या घरातील मुलाने चित्रे काढण्याच्या शाळेत जावे आणि वडिलांनी त्यास आडकाठी करू नये, हे त्या काळी सहज घडणारे नव्हते. दाजीशास्त्र्यांना त्याचे श्रेय दिले पाहिजे.

पुढील साली थोरले बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर ते बडोद्यास गेले. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन स्थापन केले. तेथे धुंडिराज तैलरंग, जलरंग, मूर्तिकाम, वास्तुरेखन असे एकामागून एक शिकत गेले. याच साली त्यांनी छायाचित्रे काढण्याचा कॅमेरा घेतला. नाट्यगृहाची एक आदर्श प्रतिकृती करून त्यांनी १८९२ साली अहमदाबादच्या प्रदर्शनात सुवर्णपदकही मिळविले. गज्जरांनी त्यांना रतलामला पाठवून तीनरंगी ठसे बनविण्याची विद्या शिकविली. एवढ्या विद्या एका माणसाने का जमवाव्यात, असा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला असता तर त्यांना स्वतःलाही उत्तर देता आले नसते. वीस वर्षांनी त्यातील एकही वाया गेली नाही.

१८९५ च्या सुमारास त्यांनी गोध्र्यास छायाचित्रकाराचा धंदा थाटला. तेथे प्लेगच्या साथीत त्यांची प्रथम पत्नी व मूल दोन्ही गेली. ते बडोद्यास परतले. छायाचित्र काढले की माणसाचे आयुष्य घटते, हा समज तेव्हा इतका पक्का होता की गिऱ्हाईक कॅमेऱ्यापुढे बसेना. मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगव, जादूचे प्रयोग कर, असे दिवस काढले. जादूगार म्हणून त्यांनी घेतलेले नाव ‘प्रोफेसर केळफा’, म्हणजे ‘फाळके’ ही अक्षरे उलटी वाचायची. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू करंदीकरांच्या गिरिजाबाई, किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांच्या नात्यातील. सासरचे नाव सरस्वती. या नावाशी पुढे पुनःपुन्हा यावे लागेल.

१९०३ मध्ये फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून लागले. जुन्या देवळांचे व लेण्यांचे माप घ्यावे, खांब अन् शिखरे रेखाटावीत, काचेवर छायाचित्र उतरवावे, हे त्या खात्याचे काम. त्या वेळी पश्चिम विभागाचे प्रमुख हेन्री कझिन्स होते. दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरील त्यांचा ग्रंथ पुढे १९३१ साली निघाला, आणि त्यात आपल्या जिल्ह्यातील सिन्नरचा गोंदेश्वरही आहे. आज कोठेही जीर्णोद्धार करताना जुने रूप कसे होते हे पाहावयाचे झाले की अशाच मापांकडे व छायाचित्रांकडे वळावे लागते. स्वदेशीचे वारे वाहू लागले तसे १९०६ साली फाळक्यांनी ही सरकारी नोकरी सोडली.

आता एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे, कारण ती प्रत्येकाच्या घरातील आहे. जुन्या घरांच्या माजघरात किंवा देवळाच्या सभामंडपात कमळावर उभी लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती अशी तसबीर असे. त्यांतील कित्येक तसबिरी राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातल्या. हा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील छपाई शिळेवरची होती. गुळगुळीत दगडावर चित्र उतरवायचे, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि एकच कागद एकेका दगडावरून फिरवून रंगावर रंग चढवायचा. कागद केसभर जरी सरकला तरी देवीचा डोळा कपाळावर जाई. सरकारी नोकरी सोडल्यावर फाळक्यांनी याच छापखान्यासाठी काम केले, लोणावळ्यास स्वतःचा ठसेकामाचा कारखाना काढला आणि मग तो दादरला आणला. तोच भागीदारीत ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाला. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले. परंतु भागीदारांशी पटले नाही, आणि चांगला चाललेला कारखाना सोडून ते बाहेर पडले.

फाळक्यांच्या चित्रपटांतील देव कसे उभे राहतात, मुकुट कसा, हात कसा, मागे नदी कशी, हे पाहिले म्हणजे या छापखान्याची आठवण येते. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचा आरंभच पाहावा. राजा मुलाला धनुर्विद्या शिकवीत आहे आणि राणी कौतुकाने बघते आहे. हे दृश्य एखाद्या रविवर्मा तसबिरीतील माणसांना हालचाल यावी तसे आहे. ज्या प्रेक्षकांनी देव तसबिरीत पाहिले होते त्यांना पडद्यावरचे देव परके वाटले नाहीत. राम-कृष्ण पडद्यावर येताच लोक हात जोडत, लोटांगण घालत, असे जे वर्णन आढळते त्याचे कारण भाबडेपणात नाही. ओळखीची मूर्ती एकाएकी चालू लागली, तर कोणाचे हात जोडले जाणार नाहीत?

या घराण्याचा शोध घेणाऱ्यापुढे साधने कोणती? फाळक्यांनी स्वतः १९१७-१८ साली ‘नवयुग’ मासिकात ‘भारतीय चित्रपट’ या विषयावर लेख लिहिले, ते पहिले साधन. १९२७-२८ साली दिवाणबहादूर रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने जी चित्रपट चौकशी समिती नेमली तिच्यापुढे त्यांनी दिलेली साक्ष, हे दुसरे. त्या साक्षीत त्यांनी स्वच्छ सांगितले की आरंभी या धंद्याचे ज्ञान देशात कोणासच नव्हते, त्यामुळे अभिनय शिकविण्यापासून कथा लिहिणे, चित्रण आणि पडद्यावर दाखविणे येथपर्यंत सारे स्वतःच करावे लागले. तिसरे साधन घरच्यांच्या व सहकाऱ्यांच्या आठवणी, आणि चौथे उरलेली छायाचित्रे व चित्रफिती. जया दडकर यांचा २०१० सालचा चरित्रग्रंथ अशी साधने एकमेकांशी ताडून पाहूनच सिद्ध झाला आहे.

ताडून पाहणे का अवश्य आहे याचा एक दाखला. फाळक्यांनी ‘नवयुग’मध्ये लिहिले की मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट आपण १९१० साली पाहिला, आणि तो पाहताना मनःचक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसू लागली. पुढील अभ्यासकांनी हा प्रसंग ईस्टरच्या सुमाराचा, म्हणजे १५ एप्रिल १९११ चा ठरविला आहे. सात वर्षांनी लिहिताना सन मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. परंतु त्या दिवशी शेजारी पत्नी होती, असे सांगतात.

त्याच कलाशाळेतील दुसऱ्या एका घराशी तुलना केली तर फरक कळतो. महादेव विश्वनाथ धुरंधर हे कोल्हापूरचे. जानेवारी १८९० मध्ये ते तेथे विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे तेथेच मोठ्या पदास चढले. आपल्या तेथील वास्तव्याची सारी हकीकत त्यांनी ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ या नावाने १९४० साली प्रसिद्ध केली. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर (१९१२-२००९) याही चित्रकार, आणि त्यांनीही आपल्या आठवणी ग्रंथरूपाने मागे ठेवल्या. बाप-लेक दोघांनी लिहिल्यामुळे त्या घरात कोण केव्हा काय रंगवीत होते हे आज सुखाने वाचता येते. फाळक्यांच्या घरात असे बसून लिहायला सवडच नव्हती. जो वेळ मिळे तो फितीवर जाई, आणि जो पैसा मिळे तोही.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून विलायतेस निघाले. लंडनमध्ये एका चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या कचेरीत ते परिचयावाचून शिरले. तेथून त्यांची सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून देण्यात आली, आणि हेपवर्थ यांनी आपले चित्रपटगृह म्हणजे स्टुडिओ त्यांना मोकळेपणी दाखविला. विल्यमसनचा कॅमेरा, फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र व कोरी फीत यांची मागणी नोंदवून ते १ एप्रिलला परत आले. यंत्रे आल्यावर प्रथम काय चित्रित केले, तर कुंडीतील वाटाणा! कुंडीपुढे कॅमेरा रोवून महिनाभराहून अधिक काळ रोज थोडी थोडी फीत घेतली. पडद्यावर पाहताना मिनिटभरात दाण्याला अंकुर फुटतो, वेल वर चढतो. ही ‘अंकुराची वाढ’ पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. तरीही तारणाला सरस्वतीबाईंचे दागिने द्यावे लागलेच.

सरस्वतीबाईंनी नुसते दागिने दिले असे म्हणून थांबले तर अन्याय होईल. त्या काळी कोरी फीत छिद्रांवाचून येई. कडांना छिद्रे असल्याशिवाय कॅमेऱ्याचे दाते फीत पुढे ओढणार नाहीत. कोऱ्या फितीवर उजेड पडला की ती गेली, म्हणून हे काम काळोखात, हाताच्या स्पर्शाने करावे लागे. ते सरस्वतीबाई रात्री करीत. एका फुटात सोळा चित्रे, एका चित्राला प्रत्येक कडेस चार छिद्रे. म्हणजे फुटाला दोन्ही कडा मिळून १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३७०० फूट होती. यंत्राच्या एका दाबात काही छिद्रे एकदम पडत असली, तरी हिशेब पावणेपाच लाख छिद्रांच्या घरात जातो, आणि वाया गेलेली फीत व पुढे काढलेल्या प्रती यांची गणती त्यात नाही. छिद्र पडद्यावर दिसत नाही. फीत नीट चालली तर ते आहे हेही कोणास कळत नाही.

रसायने मिसळणे व फीत धुणे त्या शिकल्या. चित्रण उन्हात चाले तेव्हा पात्रांच्या चेहऱ्यावर उजेड परतून पडावा म्हणून पांढरी चादर ताणून त्या तासन् तास उभ्या राहत. याशिवाय दादरच्या त्या घरात साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक होताच. तारामतीची भूमिका तूच कर, असे पतीने सुचविले तेव्हा त्यांनी ती नाकारली, असे सांगतात. मग बाकीची कामे करायची कोणी? शोधकाला हे सारे आठवणींतून गोळा करावे लागते. चादर धरणारे हात चित्राच्या चौकटीत येत नाहीत. आले तर चित्र बिघडले असे समजून तो तुकडा कापून टाकतात.

तारामतीसाठी स्त्री मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरील एका खानावळीत आचाऱ्याचे काम करणारे अण्णा साळुंके यांना फाळक्यांनी उभे केले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके. रोहिदासाचे काम करायला मात्र परके मूल मिळेना. गोष्टीत रोहिदास मरतो, म्हणून आईबाप आपला मुलगा देण्यास तयार नव्हते. तेव्हा फाळक्यांनी स्वतःचा मुलगा भालचंद्र याला उभे केले. सिनेमात काम करतो म्हटले की पात्रांना घर मिळत नसे, मुलगी मिळत नसे. म्हणून ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात आहे’ असे सांगा, अशी युक्ती त्यांना फाळक्यांनीच शिकविली.

बाहेरची दृश्ये घेण्यासाठी मंडळी वांगणीस गेली, तो प्रसंग खेड्यातील वाचकांना रुचेल. ढाली, तलवारी, भाले घेतलेला जमाव रेल्वेतून उतरून गावाकडे येताना पाहिला आणि गावकऱ्यांना वाटले, दरोडेखोर आले! पोलीस पाटलांनी वर्दी दिली आणि मंडळींना अटकेत बसावे लागले. फाळके मागाहून पोहोचले. त्यांनी कॅमेऱ्यात फीत न घालताच एक प्रवेश करून दाखविला, तेव्हा उलगडा झाला. गावकऱ्यांचे काही चुकले होते असे नाही. पोशाखाखालचा माणूस कोण हे सांगणारा कागद मंडळींजवळ नव्हता. याच मुक्कामात भालचंद्राला खडकावर पडून डोक्याला मार लागला आणि तो बेशुद्ध झाला. अशा स्थितीत फाळक्यांनी रोहिदासाच्या मृत्यूचा प्रवेश उरकून घेतला, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. बापाच्या या कठोरपणाचे कौतुक करणारेही आहेत. परंतु घरी परतल्यावर त्या मुलाच्या आईला काय वाटले असेल याचा विचार कौतुक करताना सोडू नये.

‘राजा हरिश्चंद्र’ तयार होण्यास सहा महिने सत्तावीस दिवस लागले. २१ एप्रिल १९१३ रोजी तो मुंबईच्या ऑलिंपियात निमंत्रितांना दाखविला, आणि ३ मेपासून गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी लागला. त्याच्या छायाचित्रांत राणी आणि तिच्या साऱ्या सख्या पुरुष आहेत हे आज कोणी सांगितले नाही तर कळणार नाही. ही गोष्ट सर्वच जुन्या छायाचित्रांस लागू आहे. घरोघरी ट्रंकेत लग्नाचे, यात्रेचे, देवळाच्या कलशारोहणाचे छायाचित्र असते. आजीला त्यातील प्रत्येक चेहरा ठाऊक असतो, आणि आजी गेली की उरतात नुसत्या पागोटी अन् नऊवारी लुगडी. छायाचित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, दाब न देता, नावे व साल लिहून ठेवण्यास पाच मिनिटे लागतात. शाई पुढच्या बाजूस उमटते, ती वापरू नये.

यश मिळताच फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना १९१३ सालीच नाशिकला हलविला. कारणे उघड आहेत. नदी, घाट, डोंगर, जुनी देवळे, वाडे हे सारे येथे आयते होते. पुराणातील प्रवेशासाठी निराळा देखावा रंगवायचे काम निम्म्याने कमी झाले. येथे झालेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमला मोहिनी झाली. भारतीय चित्रपटातील या पहिल्या स्त्री कलावंत. ही कमला म्हणजे पुढे गाजलेल्या कमलाबाई गोखले. मायलेकींनी एकाच चित्रपटातून हे धाडस केले, हेही ध्यानी घेण्यासारखे.

१९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांची वाहवा झाली, तिकडेच राहून काम करण्याची बोलणीही झाली. ती नाकारून ते परतले, तो महायुद्ध पेटले आणि भांडवल आटले. तरी १९१७ साली ‘लंकादहन’ निघाला. त्यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके! मद्रासेत या खेळाच्या उत्पन्नाची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागली, अशी आख्यायिका आहे. त्याच साली बैलगाडीतून नेताना उष्णतेने ‘हरिश्चंद्र’ची मूळ फीत पेटली आणि फाळक्यांनी तो चित्रपट दुसऱ्यांदा तयार केला, असे सांगितले जाते. म्हणूनच आज जी सुमारे १४७५ फूट फीत उरली आहे ती पहिल्या चित्रपटाची की दुसऱ्या, याविषयी अभ्यासकांत वाद आहे.

१ जानेवारी १९१८ रोजी नाशकात ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. भागीदारांत वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदी होते. त्याच सुमाराच्या ‘चित्रपट कसे तयार करतात’ या छोट्या फितीचा काही भाग वाचला आहे, आणि शोधकाच्या दृष्टीने तो अमोल आहे. कारण त्यात दादासाहेब स्वतः दिसतात. कधी पात्रांना शिकवितात, कधी फीत निरखतात, कधी तुकडे जोडतात. दुसऱ्या कोणाच्या शब्दांवर विसंबण्याची गरज राहत नाही. माणूस काम करताना समोर दिसतो.

३ मे १९१९ रोजी ‘कालिया मर्दन’ प्रदर्शित झाला. त्यात बाळकृष्ण झाली आहे ती फाळक्यांची कन्या मंदाकिनी, वय सहा-सात वर्षांचे. कथेच्या आधी प्रथम मंदाकिनी ही मंदाकिनी म्हणूनच दिसते. ती हसते, रागावते, रडवेली होते, तोंडावरचे भाव एकामागून एक पालटते, आणि मग तेच तोंड मोरपिसाच्या मुकुटाखाली कृष्णाचे होते. तंत्राचा चमत्कार म्हणून हे दाखविले असेल. मुलगी सोंग घेण्याआधी आपली म्हणून लोकांनी पाहावी, असाही बापाचा हेतू असेल. तिचा कृष्ण तसबिरीतला गंभीर कृष्ण नव्हे. तो खरा खोडकर पोर आहे, पाण्यात उडी टाकणारा. चित्रपट मुंबईत दहा महिने चालल्याचे सांगतात. गोकुळातील एका लेकराच्या जागी त्र्यंबकच्या शास्त्र्याची नात उभी होती, हे त्यांतील किती प्रेक्षकांना ठाऊक असेल!

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगून पुरे. खर्चावरून भागीदारांशी मतभेद झाले. दादासाहेब कंपनी सोडून सहकुटुंब काशीला गेले, तेथे ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले, आणि १९२२ साली पुन्हा नाशकात कंपनीच्या कामावर परतले. परंतु पूर्वीचा अधिकार राहिला नव्हता. बोलपट आला आणि मूकपट मागे पडला. १९३२ सालचा ‘सेतुबंधन’ मूक म्हणून तयार झाला व नंतर त्यास ध्वनी जोडावा लागला. कोल्हापूरला १९३७ साली केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव खरा बोलपट आणि अखेरचा चित्रपट. तेव्हा वय सदुसष्ट होते. गोदेच्या उगमाशी जन्मलेल्या माणसाने शेवटी गंगा पृथ्वीवर आणण्याची कथा निवडली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच त्यांचे देहावसान झाले. मोठे वैभव मागे नव्हते.

९५ चित्रपट आणि २६ लघुपट असा त्यांच्या कामगिरीचा आकडा सर्वसाधारणपणे दिला जातो. त्यांतील पूर्ण असा क्वचित, तुकड्यांनी असे थोडेच उरले. जुनी फीत नायट्रेटची असे. ती लवकर पेट घेते; न पेटली तरी वर्षानुवर्षे डब्यात आंबून, चिकट होऊन शेवटी तिची पूड होते. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले (२०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले). तेथील पी. के. नायर यांनी ठिकठिकाणी फिरून फाळक्यांच्या फितींचे राहिलेले तुकडे मिळविले आणि टिकाऊ फितीवर त्यांच्या प्रती करविल्या. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात साठ्याच्या कोठीस आग लागली आणि त्यात नायट्रेटच्या हजारो रिळांबरोबर फाळक्यांच्या मूळ फितीही जळाल्या. प्रती आधीच झालेल्या होत्या, म्हणून चित्रे वाचली.

वाचलेल्यांत ‘हरिश्चंद्र’ची पहिली व शेवटची रिळे आहेत, ‘लंकादहन’ व ‘श्रीकृष्ण जन्म’ यांचे काही भाग आहेत, आणि ‘कालिया मर्दन’चा मोठा भाग आहे. मंदाकिनी त्यात आजही पहिल्यांदा स्वतःच्या चेहऱ्याने हसते आणि मग मुकुट घालते. तिच्या आईचा चेहरा पाहावयाचा असेल तर घरगुती छायाचित्रांकडे जावे लागते.